व्हीसीओचा सूर सरकतोय? प्रिसेटला हात लावण्याआधी हे तपासा

वडोदऱ्यात घरी मॉड्युलर सिंथ (सुटी मॉड्यूल केबलने जोडून वाजवायचा सिंथेसायझर) बांधणारे लोक मोजकेच. त्यामुळे बिघडलेलं मॉड्यूल हातोहात फिरत शेवटी माझ्या टेबलावर येतं. फिल्टर बोलत नाही, एन्व्हलप अडकतं अशा तक्रारी अधूनमधून असतात, पण सगळ्यात जास्त येते ती एकच: "ऑसिलेटर सुरात राहत नाही." ऑसिलेटर म्हणजे सूर तयार करणारं मॉड्यूल; सूर व्होल्टेजवर ठरतो म्हणून त्याला व्हीसीओ म्हणतात. मॉड्यूल माझ्यापर्यंत पोचतं तोवर मालकाने बारीक स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बोर्डावरचा प्रत्येक प्रिसेट (जुळवणीचा छोटा स्क्रूवाला रेझिस्टर) फिरवून पाहिलेला असतो. मूळ दोष राहतो बाजूला आणि आधी त्याने विस्कटलेलं जागेवर आणावं लागतं.

म्हणून सुरुवातीलाच सांगतो: खालच्या तपासण्या संपेपर्यंत प्रिसेटला हात लावायचा नाही. आधी मोबाइलने त्यांच्या स्क्रूंचा फोटो काढून ठेवा. अनेक फेऱ्यांच्या प्रिसेटचा फोटो फारसा कामाचा नाही हे खरं, पण साध्या प्रिसेटचा असतो.

लक्षणं

यातलं तुमचं कोणतं, ते बघा. एकापेक्षा जास्तही असू शकतात.

– चालू केल्यावर सूर हळूहळू चढत किंवा उतरत जातो, आणि वीस-तीस मिनिटांनी स्थिरावतो. किंवा स्थिरावतच नाही.
– पंखा लावला, एसी सुरू केला की सूर हलतो.
– मधलं सप्तक बरोबर, वरच्या सप्तकात गेलं की कमी किंवा जास्त.
– दुसरा ऑसिलेटर त्याच कीबोर्डला जोडला की पहिला उतरतो.
– एलएफओचा (संथ लहर देणाऱ्या मॉड्यूलचा) दिवा लुकलुकतो त्या लयीत सूर थरथरतो.
– दुपारी ठीक, संध्याकाळी घरोघरी एसी लागले की सूर खरखरीत होतो, मागे गुरगुर ऐकू येते.
– पावसाळ्यात फक्त खर्जातले सूर बिघडतात.
– पॅनेलला टिचकी मारली की सूर उडी मारतो.

सूर सरकतोय की सप्तक ताणलं जातंय?

ही तपासणी फुकट आहे आणि पुढचं अर्धं काम हीच वाचवते. युरोरॅकमध्ये (मॉड्युलर सिंथच्या प्रचलित मांडणीत) पट्टी ठरलेली आहे: एक व्होल्ट वाढला की एक सप्तक वर. म्हणजे एका अर्ध्या सुराला ८३.३ मिलिव्होल्ट, आणि एका सेंटला, म्हणजे अर्ध्या सुराच्या शंभराव्या भागाला, ०.८३ मिलिव्होल्ट. बाजारात मिळणारा साधा पिवळा मल्टिमीटर २० व्होल्टच्या पल्ल्यात १० मिलिव्होल्टपेक्षा बारीक दाखवत नाही. १० मिलिव्होल्ट म्हणजे १२ सेंट. एवढा फरक घरात गाण्याचा कान असलेल्या कोणालाही कळतो, मीटरला मात्र कळत नाही. तेव्हा इथे मीटर ठेवून द्या आणि कान वापरा.

मोबाइलवर तानपुऱ्याचं ॲप लावा, काळी एक. ऑसिलेटर त्याच सुरात आणा, त्रिकोणी लहर घ्या. करवतीच्या लहरीत वरचे सूर इतके भरलेले असतात की ठोके (दोन जवळच्या सुरांमुळे आवाजात येणारा चढउतार) नीट मोजता येत नाहीत. काळी एक म्हणजे साधारण १३८.६ हर्ट्झ. त्यात पाच सेंटचा फरक असेल तर दर अडीच सेकंदांनी एक ठोका येतो. ठोके थांबले की सूर मिळाला.

आता कीबोर्डवरून एक सप्तक खाली, एक वर, दोन वर, असे सूर वाजवा आणि प्रत्येक ठिकाणी ट्यूनरवर किती सेंटचा फरक आहे ते कागदावर लिहा. अर्ध्या तासाने पुन्हा तेच. कागदावर चारपैकी एक चित्र दिसेल:

सगळे सूर सारख्याच सेंटने हलले असतील, तर पट्टी शाबूत आहे आणि पाया हलतोय. संशय वीजपुरवठ्यावर, टायमिंग कपॅसिटरवर आणि ट्रान्झिस्टरच्या जोडीवर.

मूळ सुरापासून जितकं लांब जाल तितका फरक वाढत असेल, तर सप्तक ताणलं किंवा आकसलं आहे. केबल आणि मल्टिपल (एक सिग्नल वाटून देणारे जॅक), स्केलचा (सप्तकाची रुंदी ठरवणारा) भाग आणि टेम्पको (तापमानाची भरपाई करणारा) रेझिस्टर बघा.

फक्त खालचे सूर बिघडले तर गळती. बोर्डावर घाण आहे, ओल आहे.

फक्त अगदी वरचे उतरले तर करवतीच्या लहरीला परत खाली यायला लागणारा वेळ आड येतोय. हा वेळ एक मायक्रोसेकंद असला तरी २००० हर्ट्झला साडेतीन सेंट खातो. बऱ्याच बोर्डांवर यासाठी वेगळा हाय-फ्रिक्वेन्सी प्रिसेट असतो. हा बिघाड नव्हे, शेवटच्या ट्यूनिंगचा भाग आहे.

सूरसागरकाठच्या संगीत महाविद्यालयात शिकणारा एक मुलगा त्याचा ऑसिलेटर घेऊन आला होता. त्याच्या आजी सोबत होत्या. मी ट्यूनर लावायच्या आतच त्या म्हणाल्या, "षड्ज बरोबर आहे रे, तार षड्ज उतरलाय." माझं निदान तिथेच निम्मं झालं. घरात असं कोणी असेल तर ॲपच्या आधी त्यांना विचारा.

गरम होऊ द्या, पंखा बंद करा

चालू करून अर्धा तास थांबा. केसचं झाकण लावून, पंख्याचा झोत थेट येणार नाही अशी ठेवून. कारण साधं आहे. व्होल्टेजचं सप्तकात रूपांतर करणारा भाग ट्रान्झिस्टरच्या जोडीवर चालतो, आणि एका सप्तकासाठी त्यांच्या बेसवर जेमतेम १८ मिलिव्होल्ट लागतात. ट्रान्झिस्टरचं तापमान एक अंशाने वाढलं की त्याचा बेस-एमिटर व्होल्टेज सुमारे २ मिलिव्होल्टने घटतो. जोडीतले दोघे एकत्र तापले तर हा फरक एकमेकांत फिटतो. पण पंख्याची हवा एकाला जास्त लागली आणि दोघांत नुसता एक अंशाचा फरक पडला, तर सूर एकशेतीस सेंटच्या आसपास हलतो. अर्ध्या सुरापेक्षा जास्त!

मे महिन्यात आपल्याकडे बेचाळीस-त्रेचाळीस अंश होतात आणि खोलीत एसी लावला की पंचवीस. जानेवारीत पहाट आणि दुपार यांत पंधरा अंशांचा फरक सहज असतो. अर्ध्या तासानंतर सूर थांबत असेल आणि पुढचे दोन तास पाच सेंटच्या आत राहत असेल, तर तुमचा ऑसिलेटर ठणठणीत आहे. काहीही उघडू नका. मूग या अमेरिकी सिंथ कंपनीचे पहिल्या पिढीचे ९०१ ऑसिलेटरही सरकण्यासाठी प्रसिद्धच होते.

"हा थंड देशातला छंद, गुजरातच्या उन्हाळ्यात चालायचा नाही" असंही मला ऐकवलं जातं. १९६९ साली अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग मॉड्युलरचा स्टुडिओ उभा केला, आणि तिथे गीता साराभाई, अतुल देसाई, एस. सी. शर्मा यांच्यासारख्यांनी काम केलं. अहमदाबाद इथून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, उन्हाळा आपल्याइतकाच कडक. तेव्हा हवेला दोष देण्याआधी बोर्ड बघू.

केबल आणि मल्टिपल

पॅच केबल बदलून बघा. ३.५ मिलिमीटरच्या स्वस्त केबलमध्ये टोपीच्या आत तार नुसती चिकटवल्यासारखी असते. जॅकमध्ये प्लग फिरवला की सूर हलत असेल तर जॅकचा संपर्क काळवंडला आहे. प्लगवर कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारा आणि दहा-पंधरा वेळा आत-बाहेर करा.

दुसरा ऑसिलेटर जोडला की पहिला उतरतो, ही तक्रार जवळजवळ नेहमी साध्या मल्टिपलमुळे असते. साधा मल्टिपल म्हणजे एकमेकांना जोडलेले चार जॅक, आत दुसरं काही नाही. कीबोर्डच्या आउटपुटला १ किलोओहम आणि ऑसिलेटरच्या इनपुटला १०० किलोओहम असेल, तर वाटेत एक टक्का व्होल्टेज हरवतो. दुसरा ऑसिलेटर जोडला की दोघांचे मिळून ५० किलोओहम होतात आणि दोन टक्के हरवतो. एका सप्तकात आणखी बारा सेंट, तीन सप्तकांत छत्तीस. एकाच ऑसिलेटरवर बसून तुम्ही नीट ट्यूनिंग केलं असेल, तर दुसरा लागताच सगळं बेसूर होणारच. दुसऱ्याची केबल काढा. पहिला जागेवर आला की उत्तर मिळालं. उपाय बफर्ड मल्टिपल. एक टीएल०७२ (दोन ऑप-ॲम्पची आयसी) आणि चार रेझिस्टर, स्वतः बांधलं तर चहा-फाफड्याच्या पैशांत होतं.

वीजपुरवठा

इथे थोडं थांबू, कारण आपल्याकडच्या घरगुती बांधणीत सगळ्यात जास्त दोष मला इथे सापडतात.

ऑसिलेटरचा कोर्स ट्यूनचा (ढोबळ सुराचा) पॉट बहुतेक वेळा थेट पुरवठ्याच्या ±१२ व्होल्टच्या पट्ट्यांवर जोडलेला असतो. त्याने सूर पाच सप्तकं चढवून ठेवला असेल आणि १२ व्होल्ट एक टक्क्याने हलला, तर सूर साठ सेंटने हलतो. पट्टी नेमकी १२.०० असायलाच हवी असं नाही. ११.८ असली तरी बिघडत नाही, ती ११.८ वरच राहायला हवी.

मॉड्यूलच्या मागच्या हेडरवर (पॉवरची रिबन बसते त्या पिनवर) मीटर लावा. काळी तार ग्राउंडला, लाल आधी +१२ ला, मग –१२ ला. लाल पट्टी असलेली रिबनची कड –१२ कडे असते. बोर्डावर काय छापलंय ते आधी वाचा, सगळे एक नियम पाळत नाहीत. आकडा बघत बाकीची मॉड्यूल एकेक करून काढा. एखादं काढताच व्होल्टेज शंभर मिलिव्होल्ट उडाला तर पुरवठा अपुरा आहे किंवा वाटेत रेझिस्टन्स आहे. बऱ्याच मॉड्यूलमध्ये पुरवठ्याच्या तोंडाशी १० ओहमचा रेझिस्टर असतो. मॉड्यूल ३० मिलिअँपिअर खात असेल तर तिथेच ०.३ व्होल्ट जातो. ते ठीक आहे, कारण तो स्थिर असतो. लुकलुकणारे दिवे मात्र स्थिर नसतात. एलएफओच्या लयीत सूर थरथरत असेल तर बहुधा दोघांची ग्राउंडची वाट एकच आहे. त्या वाटेत ०.०५ ओहम आणि दिव्यांचे १०० मिलिअँपिअर म्हणजे ५ मिलिव्होल्ट, म्हणजे सहा सेंट. एलएफओ दुसऱ्या रिबनवर, बसबोर्डच्या (मॉड्यूलना वीज वाटणाऱ्या बोर्डाच्या) दुसऱ्या टोकाला लावून बघा. फुकटचा उपाय आहे आणि बहुतेक वेळा पुरतो. रिबनच्या कनेक्टरची दाबणीही तपासा, हाताने दाबलेली असेल तर हमखास एखादा पिन अर्धवट बसलेला असतो. ती व्हाइसमध्येच दाबायची.

आता संध्याकाळची गुरगुर. आपले लोक बाजारात जाऊन "±१२ चा सप्लाय बनवायचाय" म्हणतात आणि दुकानदार १२-०-१२ चा ट्रान्सफॉर्मर देतो. ऐकायला बरोबर वाटतं. पण ७८१२ या +१२ व्होल्टच्या रेग्युलेटरला आउटपुटपेक्षा दोन-अडीच व्होल्ट जास्त लागतात, म्हणजे इनपुट कधीही साडेचौदाच्या खाली जाता कामा नये. घरात २३० व्होल्ट असताना १२ व्होल्टच्या वाइंडिंगमधून डायोडनंतर साधारण सव्वासोळा मिळतात. व्होल्टेज २०० वर आलं की चौदाच उरतात. त्यावर रिपल (डीसीमधला चढउतार): २२०० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरवर ३०० मिलिअँपिअर ओढले तर दर अर्ध्या आवर्तनाला सव्वा-दीड व्होल्टचा खड्डा पडतो. रेग्युलेटर सेकंदाला शंभरदा हात टेकतो आणि ती १०० हर्ट्झची गुरगुर ऑसिलेटरच्या सुरात मिसळते. कानाला ती खर्जातल्या पांढरी पाचच्या जरा वर लागते. स्वस्त मीटरच्या एसी पल्ल्यात हे दिसणार नाही, त्याचा सगळ्यात छोटा पल्लाच २०० व्होल्टचा असतो.

त्याऐवजी रेग्युलेटरच्या इनपुट पिनवर डीसी व्होल्टेज मोजा, एकदा दुपारी, एकदा रात्री आठला. रात्री साडेपंधराच्या खाली दिसला तर १५-०-१५ चा ट्रान्सफॉर्मर लागेल. त्यासोबत फिल्टरचे कपॅसिटर ३५ व्होल्टचे हवेत, २५ चे चालणार नाहीत. आणि रेग्युलेटरला हीटसिंक. वीस व्होल्टचे बारा करताना अर्धा अँपिअर ओढला तर चार वॉट उष्णता होते, बोट टेकवत नाही. ७९१२ चा, म्हणजे –१२ व्होल्टच्या रेग्युलेटरचा, धातूचा कान ग्राउंडला नसतो, तिथे इनपुट असतो. दोन्ही रेग्युलेटर एकाच हीटसिंकवर घ्यायचे तर अभ्रकाचा वॉशर विसरू नका.

ट्रान्सफॉर्मर बदलणं म्हणजे २३० व्होल्टच्या तारांना हात लावणं. त्याबद्दल शेवटी.

टिचकी आणि कामटी

पुरवठा स्वच्छ निघाला की बोर्ड बाहेर काढा. चालू स्थितीत एखाद्या लाकडी काडीने एकेक पार्ट हलकेच दाबत जा. मी पतंगाची कामटी वापरतो. उत्तरायणानंतर घरात डझनभर तुटके पतंग पडलेले असतात, बांबूची कामटी पातळ, लवचिक आणि वीज न वाहणारी. कोणत्या जागी दाबल्यावर सूर उडी मारतो ते बघा. तिथेच ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला टाका.

संशयाचा क्रम असा: आधी जॅक आणि पॉटचे पाय, कारण प्रत्येक पॅचला त्यांच्यावर जोर येतो. मग पॉवर हेडर. मग प्रिसेट. मग आयसी बेस (आयसी बसवायचं सॉकेट). आयसी दाबली की सूर बदलत असेल तर बेस बदला, तासून-घासून उपयोग नाही.

चांगला टाका चकचकीत असतो आणि पायापासून पॅडपर्यंत उतरत जातो. ड्राय सोल्डर गोळ्यासारखा बसतो, पायाभोवती बारीक काळं कडं दिसतं. दहा रुपयांचं भिंग घ्या, डोळ्यांवर विसंबू नका. दुरुस्तीसाठी ६३/३७ ची तार बरी, ती १८३ अंशांना एकदम वितळते आणि एकदम घट्ट होते. ६०/४० मध्ये मधली चिखलासारखी अवस्था असते आणि त्यात पार्ट हलला की पुन्हा ड्राय सोल्डर. आयर्न ३२० ते ३५० अंशांवर, टोक पाय आणि पॅड दोघांना टेकवून, दोन-तीन सेकंद. साधी २५ वॉटची आयर्न असेल तर तापमान हातात नसतं, तेव्हा वेळ हातात ठेवा. नुसतं जुनं सोल्डर तापवू नका, थोडी नवी तार द्या म्हणजे आतला फ्लक्स काम करेल. ग्राउंडच्या पट्टीवरचा टाका जास्त उष्णता खातो, तिथे जाड टोक लावा.

आणि ती गोल डबीतली पिवळी फ्लक्सची पेस्ट! दुकानदार तारेसोबत हातात देतोच. वायर आणि पत्र्याच्या कामाला ती चालते. सिंथच्या बोर्डावर नको. पुढचा मुद्दा तिच्यामुळेच आहे.

पावसाळ्यात फक्त खर्ज बिघडतो तेव्हा

ऑसिलेटरच्या गाभ्यात एक छोटा कपॅसिटर असतो, बहुधा १ नॅनोफॅरड. तो किती वेगाने भरतो यावर सूर ठरतो. १६ हर्ट्झच्या सुराला, ५ व्होल्टची लहर धरली तर, त्याला भरणारा प्रवाह असतो जेमतेम ८० नॅनोअँपिअर. बोर्डावर फ्लक्सचा थर आहे, त्याने जुलैच्या हवेतली ओल ओढली, आणि शेजारच्या १२ व्होल्टच्या पट्टीवरून एक नॅनोअँपिअर पाझरला, तर सव्वा टक्का, म्हणजे एकवीस सेंट. तोच एक नॅनोअँपिअर १६०० हर्ट्झला पाव सेंटही हलवत नाही. म्हणून वरचे सूर शहाण्यासारखे वागतात आणि खर्ज बिघडतो. ऑक्टोबरमध्ये हवा कोरडी झाली की दोष आपोआप जातो आणि मालक म्हणतो, "आपोआप सुधारलं." पुढच्या पावसात तो परत येतो.

उपाय: आयसोप्रोपिल अल्कोहोल, ९९ टक्क्यांचं, आणि जुना टूथब्रश. हात धुवायचं सॅनिटायझर नको, त्यात पाणी आणि जेल असतं. नेलपॉलिश रिमूव्हर तर अजिबात नको. त्यातलं ॲसिटोन पॉलिस्टायरिनचे कपॅसिटर विरघळवतं, आणि नेमके तेच टायमिंगला वापरलेले असतात. ब्रशने घासा, लगेच सुती कापडाने टिपून घ्या, नाहीतर घाण इकडची तिकडे होते. उघड्या प्रिसेटमध्ये आणि पॉटमध्ये अल्कोहोल जाऊ देऊ नका. रात्रभर वाळवा. उन्हात ठेवायची गरज नाही, पॉलिस्टायरिनला ऊनही मानवत नाही.

धुतल्यावर खर्ज जागेवर आला की काम संपलं.

पार्ट चुकीचे लागलेत का?

इथपासून पैसे आणि कष्ट दोन्ही वाढतात.

किटमध्ये आलेला टायमिंग कपॅसिटर हरवला म्हणून बाजारातून "१०२ द्या" म्हणून आणलेला असतो. दुकानदार डिस्क सिरॅमिक देतो. आकडा (१ नॅनोफॅरड) बरोबर, जात चुकीची. एक सेंट म्हणजे वारंवारतेत ५७८ दशलक्षांश. सीझीरोजी जातीचा (तापमानाने फारसा न हलणारा सिरॅमिक) कपॅसिटर अंशाला ३० दशलक्षांशाच्या आत राहतो, दहा अंशांत अर्धा सेंट. पॉलिस्टायरिन अंशाला सव्वाशेच्या आसपास उलट दिशेने जातो, तोही चालतो. हिरवा पॉलिएस्टर चारशेच्या घरात, दहा अंशांत सात सेंट. स्वस्त डिस्क किती हलेल ते विचारूच नका. अंगावर १०२ पुढे 'जे' असेल तर पाच टक्क्यांचा, 'झेड' असेल तर आधी बदला.

तसंच रेझिस्टरचं. सीव्ही (कंट्रोल व्होल्टेज) इनपुटला आणि स्केलच्या भागात एक टक्क्याचे मेटल फिल्म हवेत, निळे. तिथे खाकी कार्बन फिल्म दिसला तर बदला. बाकी ठिकाणी कार्बन असला तरी माझं काही म्हणणं नाही. स्केलचा प्रिसेट अनेक फेऱ्यांचा, बंद पेटीचा हवा. उघडा कार्बनचा एक फेरीवाला पावसात आणि टिचकीत दोन्हीकडे दगा देतो.

ट्रान्झिस्टरची जोडी आणि टेम्पको

सप्तक ताणलं जातंय, केबल-मल्टिपल ठीक आहे, रेझिस्टर बरोबर आहेत. मग इथे या.

वर सांगितलेले १८ मिलिव्होल्ट स्वतः तापमानाच्या प्रमाणात वाढतात, अंशाला ०.३३ टक्के. खोली दहा अंशांनी तापली तर एका सप्तकात चाळीस सेंट आणि तीन सप्तकांत एकशेवीस सेंट सूर चुकतो. हे फेडायला तेवढ्याच दराने वाढणारा, अंशाला ३३०० दशलक्षांशाचा रेझिस्टर लावतात. त्याला टेम्पको म्हणतात. तो ट्रान्झिस्टरला चिकटून असायला हवा, तरच दोघांना एकच तापमान कळतं. हवेत उभा राहिलेला टेम्पको मी पुष्कळ बोर्डांवर पाहिला आहे. मधे थर्मल पेस्टचा ठिपका द्या, वरून हीटश्रिंकची नळी. कधी कधी टेम्पको मिळाला नाही म्हणून तिथे साधा रेझिस्टर लावलेला असतो; तेही तपासा.

जोडीची परीक्षा बोटाने. ऑसिलेटर चालू ठेवून जोडीतल्या एकाच ट्रान्झिस्टरला दोन-तीन सेकंद बोट टेकवा. सूर थोडा हलून परत आला तर जोडी एकमेकांना चिकटलेली आहे. भलताच पळाला आणि मिनिटभर परतला नाही तर दोघे सुटे आहेत. सपाट बाजू समोरासमोर आणून, पेस्ट लावून बांधा. सुटे बीसी५४७ जुळवत बसण्यापेक्षा एकाच चिपवरची जोडी असलेली आयसी घ्या, थॅट ३४० किंवा ३०४६ जातीची. पैसे जास्त, डोकेदुखी कमी. एएस३३४० सारखी चिप असेल तर जोडी आणि तापमानाची भरपाई दोन्ही चिपच्या आतच असतात, तिथे टेम्पको शोधू नका. ती बेसवर असेल तर दुसरी लावून बघणं हीच परीक्षा.

आता, हे सगळं झाल्यावर, प्रिसेट. केस बंद, अर्धा तास तापलेली. १ व्होल्ट आणि ३ व्होल्ट यांच्यात आलटून पालटून स्केलचा प्रिसेट फिरवत दोन सप्तकांचं नेमकं अंतर आणा, प्रत्येक फेरीत खालचा सूर फाइन ट्यूनने पुन्हा मिळवून. मग सगळ्यात वरचं सप्तक हाय-फ्रिक्वेन्सीच्या प्रिसेटने. पाच सप्तकांत तीन-चार सेंट राहिले तर तिथेच थांबा.

कुठे थांबायचं

२३० व्होल्टची बाजू: ट्रान्सफॉर्मरचं प्रायमरी, स्विच, फ्यूज, पिनची वायर. हे काम पूर्वी केलेलं नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. केसच्या धातूला झिणझिण्या लागत असतील तर प्लग काढा आणि घराचं अर्थिंग त्याच्याकडून तपासून घेतल्याशिवाय परत लावू नका. फ्यूज दुसऱ्यांदा उडाला तर तिसरा लावायचा नाही, मोठा तर मुळीच नाही. ट्रान्सफॉर्मरला जळका वास आला तर तो संपला.

पॅड उचकटलं, किंवा एकाच टाक्यावर दोनदा काम करूनही तो बसत नसेल, तर आयर्न खाली ठेवा. तिसऱ्या वेळी ट्रॅक निघून येतो. जुनी सीईएम३३४० किंवा एलएम३९४ थेट बोर्डावर सोल्डर केलेली असेल तर ती काढायचा प्रयोग घरी करू नका. आणि पुरवठा स्थिर, बोर्ड स्वच्छ, पार्ट बरोबर, जोडी बांधलेली, तरीही पट्टी बसत नसेल, तर ऑसिलोस्कोप असलेल्या माणसाची गरज आहे. मिक्सर-ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारे जुने कारागीर हे काम छान करतात, त्यांना मॉड्युलर माहीत नसला तरी. फक्त नवरात्रीच्या आधीचा महिना टाळा. गरब्याच्या साउंडवाल्यांचे ॲम्प तेव्हा त्यांच्या दुकानात छतापर्यंत रचलेले असतात आणि तुमचं मॉड्यूल दिवाळीपर्यंत खाली दबून राहील.

जाताना मॉड्यूलसोबत सर्किटचा कागद, पॉवरची रिबन, दुपार-रात्रीचे व्होल्टेजचे आकडे आणि सप्तकांच्या सेंटचा तो कागद न्या. प्रिसेट फिरवले असतील तर तेही सांगा, त्यांना तासभर शोधायला लावू नका.